झालं एकदाचं अजिंठा

आमच्या घरात ठिकाणं बघत नाहीत, करतात. महाबळेश्वर केलं, गणपतीपुळे केलं, कोल्हापूर-पन्हाळा तर एका दिवसात केलं. आणि केलं की ते ठिकाण ‘होतं’. एकदा झालं की झालं, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. मागच्या मे महिन्यात मी म्हटलं, “बाबा, परत समुद्रावर जाऊ या ना.” बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “समुद्र झालाय आपला.”

रोजचंही असंच. सकाळी सहापासून आई एकेकाला धरून विचारत असते, दूध झालं? आंघोळ झाली? दप्तर भरून झालं? दूध कसं होतं, हे मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. (साय होती.) रात्री दिवे घालवताना बाबा जांभई देत म्हणतात, “चला, झाला आजचा दिवस.” म्हणजे तोही यादीतून कटाप.

यादी बाबांच्या डायरीत असते. ही डायरी त्यांना ऑफिसात फुकट मिळाली. तिच्यात एका बाजूनं खर्च आणि उलट्या बाजूनं प्रवास लिहिलेला असतो. दोन्ही कुठेतरी मध्ये भेटतात, आणि त्या पानावर बाबा गप्प होतात.

या दिवाळीच्या सुट्टीत अजिंठा-वेरूळ करायचं ठरलं. बाबांनी महिनाभर माहिती काढली आणि ती आम्हाला रोज रात्री आमटीबरोबर वाढली. अजिंठ्याला तीस लेणी. वेरूळला चौतीस, त्यातली पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. दोन्ही ठिकाणं १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. अख्ख्या जगाचीही अशी एक यादी आहे हे सांगताना बाबांचा चेहरा सख्खा भाऊ सापडल्यासारखा झाला होता.

मग डायरीत कार्यक्रम उतरला. रविवार : नाशिकहून प्रस्थान, मकबरा, पाणचक्की. सोमवार : अजिंठा. मंगळवार : वेरूळ, दौलताबाद. बुधवार दुपार : परत.

“आणि घृष्णेश्वर?” आजीनं विचारलं.

“वेळ उरला तर.”

“बारावं ज्योतिर्लिंग आहे रे ते. वेळ उरला तर काय?” आजीची पण एक यादी आहे. ती तोंडी असते आणि बाबांच्या यादीपेक्षा जुनी आहे. बारांपैकी तिची पाच झाली आहेत. त्यात त्र्यंबकेश्वर धरलंय, पण ते आम्हा नाशिककरांना घरबसल्या मिळतं, म्हणून ताई ते मोजत नाही. यावरून दोघींची भांडणं होतात.

निघायच्या दिवशी बाबांनी सगळ्यांना पहाटे चारला उठवलं. गाडी सातची होती. बाबांचं म्हणणं, माणूस उठला की निघायला तीन तास लागतात. हे खरं आहे, कारण मधले अडीच तास बाबा “आटपा, आटपा” म्हणत वाटेत उभे असतात. आईनं दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीतला उरलेला चिवडा आणि ताईसाठी लिंबू बांधून घेतलं. ताईला गाडी लागते. ती नववीत आहे आणि मैत्रिणींसमोर हे बोललेलं तिला चालत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सामानाचे सात डाग झाले. बाबांनी दाराला कुलूप लावलं आणि ते ओढून बघितलं. मग दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून बघितलं. जिना उतरल्यावर आई म्हणाली, “गॅस बंद केला ना?” सगळे परत वर. गॅस बंद होता. तो दरवेळी बंदच असतो, पण वर जाऊन बघितल्याशिवाय आमची सहल सुरूच होत नाही.

लाल परीत बसल्यावर मात्र बाबांची खरी परीक्षा झाली. कंडक्टरकाका आले. बाबा ऐटीत म्हणाले, “पाच. संभाजीनगर.” काकांनी आम्हाला नीट बघून घेतलं. आजी शहात्तर वर्षांची, पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट. (एरवी आजी सत्तरीची असते. बसमध्ये मात्र आधार कार्ड काढून अभिमानानं शहात्तर सांगते.) आई आणि ताई बायका, म्हणून त्यांना अर्धं तिकीट. मी अकरा वर्षांचा, बारापर्यंत अर्धं. काकांनी मशीनची बटणं दाबली आणि म्हणाले, “म्हणजे फुल फक्त तुम्ही एकटे.”

बाबांना आनंद व्हायला हवा होता. पैसे वाचले. पण ते तिकिटाकडे बराच वेळ बघत बसले. “या घरात पूर्ण माणूस मी एकटाच आहे,” असं ते शेवटी आईला म्हणाले. आई म्हणाली, “पूर्ण भाडं भरणारा म्हणा.”

निफाड गेलं, आणि येवला जवळ आलं तसे बाबा अचानक फार बोलायला लागले. डावीकडच्या खिडकीतून ते आईला शेतं दाखवू लागले. कांदा बघ, मका बघ, तो बैल बघ. इतकं प्रेमानं बाबा आईला एरवी काही दाखवत नाहीत. आई बैलाकडे बघत म्हणाली, “पैठणीची दुकानं उजवीकडे आहेत, माहितीये मला.” येवल्यात गाडी दहा मिनिटं थांबली. त्या दहा मिनिटांत बाबांना जेवढा घाम आला तेवढा नंतर दौलताबाद चढतानाही आला नाही.

संभाजीनगरला पोचून, लॉजवर डाग टाकून, लगेच बीबी का मकबरा करायला घेतला. औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची ही कबर. लांबून ताजमहालच वाटतो. जवळ गेलं की तोच ताजमहाल धुऊन आटल्यासारखा दिसतो. संगमरवर खाली थोडा आणि वर घुमटाला, मधलं बरंचसं काम चुन्याच्या गिलाव्याचं.

“दख्खनचा ताज म्हणतात याला,” बाबा म्हणाले.

“मग खरा ताज कधी?” ताईनं विचारलं.

“हा झाला की तो झाल्यासारखाच.”

असा आमचा आग्रा झाला.

तिथे शेजारी एक गाइड दुसऱ्याच कुटुंबाला माहिती देत होता आणि बाबा त्या कुटुंबाचे लांबचे नातेवाईक असल्यासारखे उभे राहून ती फुकटात ऐकत होते. गाइड म्हणाला, या इमारतीला खर्च आला सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये आणि सात आणे. बाबा हललेच. बाकी काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही, पण ते सात आणे शिरले. “बघा,” ते आम्हाला म्हणाले, “याला म्हणतात हिशोब. एवढा मोठा बादशहा, पण सात आणे सोडले नाहीत.” रात्री त्यांनी डायरीत रिक्षा, चहा, चपला सांभाळायचे पैसे, सगळं लिहिलं आणि तीन रुपये लागेनात म्हणून आम्हाला झोपू दिलं नाही. ते तीन रुपये आजीनं पाणचक्कीवर माशांना चुरमुरे घालायला घेतले होते. पाणचक्की म्हणून वेगळं काही लिहीत नाही. सतरा मिनिटांत झाली.

सोमवारी सकाळी जीप आली. ड्रायव्हरकाकांच्या तोंडात मावा होता. तो मावा आम्ही तीन दिवस बघितला, काकांचा आवाज मात्र दोन-तीनदाच ऐकला. बाबा पुढे बसले आणि म्हणाले, “चला, अजिंठा.”

काकांनी बाबांकडे बघितलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, “हंऽ हंऽ?”

“हो हो, अजिंठाच,” बाबा म्हणाले. “मला सगळी माहिती आहे. तुम्ही फक्त गाडी चालवा.”

शंभर किलोमीटर काकांनी फक्त गाडी चालवली.

वाटेत बाबांनी जॉन स्मिथची गोष्ट सांगितली. ही मात्र छान होती. हा इंग्रज अधिकारी, मद्रासच्या घोडदळातला. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला म्हणून या डोंगरात आला. पलीकडच्या कड्यावरून त्याला झाडीत एक दगडी कमान दिसली. शेकडो वर्षं विस्मरणात गेलेली लेणी अशी पुन्हा जगाच्या नजरेला पडली. मग तो दरीत उतरून दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या खांबावर त्यानं काय केलं, तर आपलं नाव कोरलं! नाव, पलटण आणि तारीख. ते अजून तिथे आहे.

मी ताडकन उठून बसलो. मागच्याच वर्षी एका किल्ल्यावर मी नुसता खडू हातात घेतला होता, तर बाबांनी माझा कान पिळला होता.

“त्याला कोणी ओरडलं नाही?”

“तो साहेब होता. आणि त्याला काय माहीत हा वारसा आहे ते.”

“मलाही नव्हतं माहीत.”

“तू गप्प बस. आणि ऐक, ते नाव आता आपल्या डोक्याच्या वर आहे. का सांग?”

मला वाटलं साहेब फार उंच असेल. पण तसं नव्हतं. तेव्हा लेणं माती-दगडांनी भरलेलं होतं, तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. ढिगारा नंतर उपसला, नाव वरच राहिलं. हे ऐकल्यावर मला बाकी एकोणतीस लेण्यांशी काही देणंघेणं उरलं नाही. मला तो खांब बघायचा होता. त्याला वाट दाखवणारा एक गुराखी पोरगा होता असंही सांगतात म्हणे. मी विचारलं, त्या पोरानं नाव कुठे लिहिलं? बाबा म्हणाले, पुढे बघ, घाट आला.

घाट आला म्हणजे ताईचं लिंबू आलं. शाळेत ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ या निबंधात आम्हाला लिहावं लागतं की निसर्गाच्या कुशीत मन प्रसन्न झाले. अजिंठ्याच्या घाटात निसर्गाच्या कुशीत ताईनं दोन पिशव्या भरल्या. आजी एका हातानं तिची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हातानं पुरी खात होती.

फाट्यावर उतरलो. इथे आपली गाडी ठेवायची आणि लेण्यांपर्यंतच्या चार किलोमीटरला एसटीची बस घ्यायची, हे बाबांनी आधीच सांगितलं होतं. माहिती अगदी बरोबर होती. फक्त बस नव्हती. माणसंही नव्हती. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध इतकं निवांत झोपलं होतं की त्याला वर्षानुवर्षांचा अनुभव असावा. आणि पाटी होती : सोमवारी बंद.

बाबांनी पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग ड्रायव्हरकाकांकडे वळले. काकांनी सावकाश बाजूला जाऊन मावा थुंकला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

“सोमवारचं बंद राहतंय साहेब.”

“मग सकाळी का नाही सांगितलंत?”

“सांगत व्हतो की. तुम्ही म्हणले, फक्त गाडी चालवा.”

आई काही बोलली नाही. आई काही बोलली नाही की बाबांना जास्त त्रास होतो. बाबांना १८१९ सालचं सगळं माहीत होतं. सोमवारचं नव्हतं.

शेवटी काकांनीच सुचवलं म्हणून गाडी घाट चढून परत वर नेली आणि आम्ही व्ह्यू पॉइंटवर गेलो. समोर वाघूर नदीचं वळण, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला कडा, आणि त्या कड्यात ओळीनं काळी चौकोनी भोकं. लांबून उंदरांनी कुरतडलेल्या पावासारखं दिसत होतं. पण खूप छान वाटलं. खाली कुणीच नव्हतं. नदीत थोडंसं पाणी होतं, आणि एक घार आमच्या पायाखालून उडत गेली. घार वरून बघायला मिळाली ही माझी पहिलीच वेळ. तिची पाठ तपकिरी असते.

बाबांचा चेहरा हळूहळू खुलला. “हीच ती जागा,” ते म्हणाले. “जॉन स्मिथनं लेणी पहिल्यांदा बघितली ती इथूनच. आत जाऊन काय कोणीही बघतं. अस्सल दर्शन हे.”

“तो नंतर आत गेला होता,” मी म्हटलं.

“झालं ना बघून? मग झालं.”

तिथे एक माणूस टोपलीत चमकणारे दगड विकत होता. बाहेरून साधा धोंडा, आत फोडला की पांढरे स्फटिक. ताईला घ्यायचा होता. तो म्हणाला, “घ्या ताई, घरात शांती राहते.” आई म्हणाली, “दगड विकत घेऊ? घरी आहेत की दोन,” आणि आम्हा दोघांकडे बघितलं. मग बाबांकडे बघून म्हणाली, “तीन.”

त्या गडबडीत मी जीपच्या मागे गेलो. मागच्या काचेवर शंभर किलोमीटरची धूळ बसली होती. जाड, मऊ, लिहायला एकदम मस्त. मी बोटानं पूर्ण नाव लिहिलं. पलटण म्हणून ‘इयत्ता सहावी, तुकडी ब’ लिहिलं. खाली तारीख टाकली. धुळीत ‘ब’चं पोट नीट येत नाही, म्हणून ते दोनदा गिरवलं.

रात्री ताईनं आईच्या मोबाइलवर काढून बघितलं. २८ एप्रिल १८१९ ला बुधवार होता. म्हणजे साहेबसुद्धा सोमवार टाळून आला होता.

आता मंगळवारचं सांगतो. सोमवारी रात्री आई म्हणाली, “अहो, उद्याचं एकदा विचारून घ्या.” बाबा म्हणाले, “अगं, सुट्टी सोमवारी असते. ती झाली आज. आठवड्यात दोन सोमवार येतात का?” याला आम्हा कोणाकडेच उत्तर नव्हतं. ते उत्तर ड्रायव्हरकाकांकडे होतं. सकाळी बाबा म्हणाले, “चला, वेरूळ.” काका म्हणाले, “हंऽ हंऽ?” आणि त्यांनी मान जोरजोरात हलवली. बाबांनी बोट वर केलं. “आज सोमवार नाही.”

काकांनी खांदे उडवले आणि गाडी सुरू केली.

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही बघायला आलेल्या माणसानं निदान एक तरी बघावं म्हणून सरकारनं एवढी काळजी घेतली आहे. आठवड्यात सात दिवस. त्यातून बरोबर हे दोन निवडून, बरोबर या क्रमानं लावायचे म्हणजे साधं काम नाही. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी एवढं अचूक आलं नसतं. त्यासाठी महिनाभर माहिती काढावी लागते.

वेरूळच्या बंद फाटकासमोर बाबांनी आमचा फोटो काढला. बाबांचे फोटो पाटीसकट असतात. माणसं कापली गेली तरी चालतील, पाटी पूर्ण आली पाहिजे. या फोटोत माझा एक कान, आजीची पिशवी आणि पाटी आहे.

“काही वाया जात नाही,” आजी म्हणाली. तिचा आवाज संशय यावा इतका गोड होता. “घृष्णेश्वर इथे हाकेवर आहे. देव काही मंगळवारचा बंद नसतो.”

मंदिर लाल दगडाचं, सुंदर आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. इथे गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं. हे बाबांच्या माहितीत नव्हतं. ते खांबाआड गेले आणि शर्ट हातावर टाकून बाहेर आले तेव्हा ओळखूच येईनात. पोट आत ओढून धरलं होतं. रांगेत पंधरा मिनिटं त्यांनी श्वास घेतला की नाही मला माहीत नाही. बोलले तर नक्कीच नाहीत. आजी त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. “लहानपणी असंच होतं हो बाळसं,” ती शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली. बाबांनी हर हर महादेव म्हणायला तोंड उघडलं आणि पोट सुटलं.

आजीची सहा झाली.

परत येताना दौलताबाद केलं. आजी खालीच सीताफळवाल्यांजवळ बसली, आम्ही चौघं चढलो. चढताना बाबांनी मुहम्मद तुघलक सांगितला. १३२७ साली त्यानं दिल्लीची राजधानी उचलून इथे आणली. देवगिरीचं नाव दौलताबाद केलं. मग काही वर्षांनी सगळ्यांना परत दिल्लीला.

आई एका पायरीवर थांबली. तिला एकदम त्या दिल्लीतल्या बायकांची आठवण झाली. “एवढं सगळं बांधून घ्यायचं,” ती म्हणाली. “लोणच्याच्या बरण्या, गाद्या, म्हातारी माणसं. इथे येऊन लावायचं. लावून होतंय तोवर परत बांधायचं. त्यानं विचारलं होतं का कोणाला निघायच्या आधी?”

“सुलतान होता तो,” बाबा म्हणाले.

“तेच म्हणतेय मी.”

वर ‘अंधारी’ म्हणून एक भुयारी वाट आहे. मिट्ट काळोख, वाकड्यातिकड्या पायऱ्या आणि वटवाघळांचा असा वास की दोन दिवस नाकातून गेला नाही. शत्रू इथे शिरला की वाट चुकायचा. बाबा मोबाइलचा उजेड धरून पुढे होते. “शत्रूला कळायचंच नाही की डावीकडे जायचं की उजवीकडे,” असं म्हणत ते डावीकडे गेले. थोड्या वेळानं तिकडून “अगं आई गं” असा आवाज आला. वाट उजवीकडे होती.

खाली आलो तर आजीनं एक टोपली सीताफळं घेऊन ठेवली होती. टोपलीभर. घासाघीस करून निम्म्या भावात. “मी रिकामीच बसले होते, म्हटलं तेवढंच एक काम,” ती म्हणाली. सामानाचा आठवा डाग झाला. संध्याकाळी लॉजच्या गच्चीत बसून आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली. बिया कोण लांब उडवतो याची मी आणि ताईनं शर्यत लावली. बाबांनी आधी “शेजारी पडेल” म्हणून दटावलं, मग स्वतः एक उडवली. ती पाण्याच्या टाकीवर टण्णकन वाजली. कोणाची इतकी लांब गेली नव्हती. बाबांनी दुसरी उडवली. ही गोष्ट डायरीत नाही.

रात्री सभा झाली. बुधवारी दुपारी परतीची गाडी, सकाळी एकच ठिकाण होणार. मी जॉन स्मिथला मत दिलं. आई म्हणाली, तो घाट आता ताईला परत दाखवायचा नाही. ताईनं डोळे मिटून मान हलवली. आजी म्हणाली, जवळ असेल ते. बाबांनी मत द्यायच्या आधी ड्रायव्हरकाकांना फोन लावला आणि स्पष्ट विचारलं, “उद्या बुधवार. वेरूळ उघडं आहे का?” पलीकडून “हंऽ” आलं. हे हो होतं की नाही, यावर आम्ही झोपेपर्यंत चर्चा केली.

हो होतं.

तिकिटाच्या खिडकीवर कळलं की पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. मी आणि ताई सुटलो. बाबांनी आजीचं आधार कार्ड पुढे केलं. खिडकीतला माणूस म्हणाला, इथे ते चालत नाही. आजीला फार वाईट वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती पूर्ण झाली होती.

बाबांचा हिशोब होता, लेण्याला चार मिनिटं. चौतीस चोक एकशे छत्तीस मिनिटं. पण आम्ही पहिल्यांदा सोळावं, म्हणजे कैलास, बघायला शिरलो आणि तिथेच हिशोब संपला. मला वाटलं होतं गुहा असेल. गुहा नव्हतीच. डोंगराच्या मधोमध आख्खं देऊळ उभं, आणि त्यात एकही दगड दुसऱ्यावर ठेवलेला नाही. सगळा एकच डोंगर, वरून खाली कोरत आणलेला. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात. म्हणजे शिखर आधी झालं, पायऱ्या शेवटी. चुकलं तर खोडरबर नाही. मी गृहपाठात एका पानावर चार वेळा खोडतो.

राणीनं कळस बघेपर्यंत जेवणार नाही असा पण केला होता, म्हणून कारागिरानं वरून सुरुवात केली, अशी एक गोष्ट सांगतात. आजीला ही राणी फार आवडली. तिनं लगेच एका हत्तीच्या पायाशी बैठक मारली आणि जाहीर केलं, “चहा दिसेपर्यंत मी हलणार नाही.” बाबांनी घड्याळ बघितलं. आईनं चपला सैल केल्या. ताईनं चक्क मोबाइल खाली ठेवला.

मी भिंतीच्या कडेनं फिरत होतो. दक्षिणेच्या बाजूला रावण आहे. कैलास पर्वताच्या खाली शिरून वीस हातांनी तो पर्वत गदागदा हलवतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, तिची दासी पळत सुटली आहे. आणि शंकर? ढिम्म. पायाच्या अंगठ्यानं नुसता पर्वत दाबून बसलाय. ही सगळी माणसं माझ्या ओळखीची होती. पार्वती म्हणजे घाटातली आई, दासी म्हणजे पिशवी शोधणारी ताई, आणि काहीच झालं नाही असं दाखवणारे म्हणजे पुढच्या सीटवरचे बाबा. रावणाच्या तोंडात फक्त मावा नव्हता.

मी बाबांना हात धरून तिथे आणलं. ते बराच वेळ बघत राहिले. पाटी शोधली नाही. मग हळूच म्हणाले, “हे बोट बघ. अंगठा. दगडाचा आहे, पण दाबलेला कळतो.” आम्ही दोघं खाली वाकून तो अंगठा बघत होतो. तेवढ्यात आई आली आणि म्हणाली, “अहो, गाडी चुकेल.” तोपर्यंत दीड तास झाला होता आणि लेणी झाली होती एक.

स्टँडवर फलाटाच्या बाकावर बाबांनी डायरी उघडली. मकबरा, बरोबरची खूण. पाणचक्की, खूण. दौलताबाद, खूण. घृष्णेश्वर आजीनं स्वतः लिहायला लावलं, खूण. वेरूळपाशी थोडा विचार करून खूण. मग पेन अजिंठ्यावर आलं आणि थांबलं. मी बघत होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि शेवटी अजिंठ्यापुढे लिहिलं : अर्धं.

ड्रायव्हरकाका आमचे आठ डाग उतरवून जीपकडे निघाले होते. मी धावत मागे गेलो. तीन दिवसांत त्यांनी काच पुसली नव्हती. माझं नाव, सहावी ब, तारीख, सगळं जसंच्या तसं होतं. फक्त खाली ताईच्या अक्षरात एक नवी ओळ कोरलेली होती : ‘हा गाढव आहे.’

“काका, उद्या कुठे?”

काकांनी मावा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

“अजिंठा,” ते म्हणाले. “गुरुवारचं उघडं राहतंय.”